ही राख आमच्याच सासूबाईंची कशावरून?

प्रश्न : सासूबाई मागच्या आठवड्यात घरीच वारल्या. लाकडं नकोत, गॅसदाहिनीत न्या असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, तसंच केलं. आता नणंद म्हणते गॅसमध्ये कुणाची राख कुणाच्या हातात देतात देव जाणे, लाकडावर असतं तर नीट सावडता तरी आलं असतं. मिस्टर काही बोलतच नाहीत. अस्थी आणल्यात पण मनात किंतु आहे. त्यांनी लावलेल्या तगरीखाली थोड्या घातल्या तर चालेल का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : ताई, दाहिनीत एका वेळी एकच देह ठेवतात. आत ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता असते, तास-दोन तासात बाकी सगळं जळून जातं आणि उरतं ते हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे आपण जिला राख म्हणतो ती खरं तर हाडंच, मोठ्या माणसाची साधारण दोन-तीन किलो. उलट सरणाला ३००-४०० किलो लाकूड लागतं, त्याची राख त्यातच मिसळते आणि मग आपण त्यातून अस्थी वेचत बसतो. गॅसमध्ये ती लाकडाची राख नसते. आधीच्या कुणाची चिमूटभर आत राहिलेली असू शकते, ते लपवत नाही, पण बाकी सगळं तुमच्या सासूबाईंचंच.

माझ्या वडिलांच्या वेळी मी तो ट्रे जवळून बघितलाय, तिथल्या माणसाने लांब सळईने पुढे ओढला तेव्हा अजून धग येत होती, आत पांढरे खडूसारखे तुकडे, एक उचलून मडक्यात ठेवायला गेले तर बोटांतच मोडला, इतका हलका. खूप रडले तेव्हा. पण स्वतःच्या हाताने वेचल्या याचं समाधान आजही आहे.

तगरीखाली घाला, जरूर घाला, पण नुसत्या मुळाशी ओतू नका. अस्थींचा पीएच, म्हणजे क्षारपणा, खूप जास्त असतो, मीठही भरपूर, झाड जळेल आणि मग ती चुटपुट जन्मभर लागेल. एक मूठ पुरे, ती घमेलंभर माती आणि शेणखतात कालवून बुंध्यापासून हातभर लांब पसरा. बाकीच्या नाशिकला रामकुंडात सोडायच्या की इथे खाडीत, ते घरात बोलून ठरवा, नणंदेची श्रद्धा असेल तर नाशिकला जाच, फक्त फडकं, हार, पिशवी पाण्यात टाकू नका.

आणि हो, स्मशानातली पावती जपून ठेवा, त्या घरीच वारल्या म्हणजे मृत्यूची नोंद तुम्हालाच करायची आहे, २१ दिवसांच्या आत.

नाशिकला मिस्टर आणि नणंद, दोघांनाच जाऊ द्या. बहीण-भाऊ गाडीत तीन-चार तास एकत्र बसले की आईबद्दल बोलतील, मिस्टरांना आत्ता त्याचीच गरज आहे. तगरीचं मात्र ते परत आल्यावर तिघांनी मिळून करा.