विहिरीचं पाणी बदललं तर नमुना कसा घ्यावा?

प्रश्न: आमचं शेत चाकण औद्योगिक वसाहतीलगत आहे. पाऊस सुरू झाला की विहिरीच्या पाण्याला पिवळसर झाक आणि उग्र वास येतो. गावातली बरीच मुलं कंपन्यांत कामाला असल्याने तक्रारीला कोणी पुढे येत नाही. काय करावं?

उत्तर: सांडपाण्यावर प्रक्रिया करणं ही प्रदूषण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातलीच अट असते. ती पाळा म्हणणं म्हणजे रोजगाराला विरोध नव्हे, हे गावात ठामपणे सांगा.

पिवळेपणा नुसत्या गाळाचाही असू शकतो, म्हणून आधी तपासणी. चढाच्या बाजूच्या विहिरीचा, तुमच्या विहिरीचा आणि नाल्याचा नमुना एकाच दिवशी घ्या. चढाकडचं पाणी चांगलं आणि तुमचं खराब निघालं, तर संशयाला आधार मिळतो. मात्र आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाहतं, त्यामुळे जवळची विहीर चांगली राहून लांबची बिघडू शकते.

दोन लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. पृष्ठभागाखाली वीतभर बुडवून काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका. बोअर असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं पंप चालवा, नाहीतर पाइपात साचलेलंच पाणी तपासलं जाईल. धातूंसाठी वेगळी बाटली लागते, तीत नायट्रिक आम्ल घालावं लागतं; ती प्रयोगशाळेकडूनच घ्या. बाटल्या बर्फात ठेवून 24 तासांत पोचवा. उशीर झाला की जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) कमी दिसतो. इथेच बहुतेकांचे नमुने वाया जातात.

हा अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. जल कायदा 1974 च्या कलम 21 प्रमाणे मंडळाने नमुना घ्यावा, असं त्यात स्पष्ट लिहा. सांडपाण्याचा तसा सीलबंद नमुनाच कारवाईत टिकतो. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पाच वर्षांत अर्ज करता येतो. त्याचं पीठ पुण्यात आहे.

प्रश्न: अहवालात पाणी 'पिण्यास योग्य', तरी कांद्याची पात का करपते?

उत्तर: पर्यायी स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात 2000 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत क्षार चालवून घेतात. कांद्याला ते फार होतात. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) आणि सोडियमचं प्रमाण वेगळं तपासून मागा. वाहकता 2250 मायक्रोमोज प्रति सेंटीमीटरच्या वर असेल तर ते पाणी कांद्याला देऊच नका.