यो-यो लोच या टाकीतल्या माशाच्या अंगावरचे इंग्रजी ‘Y’सारखे पट्टे (वाय) गेले, आता नुसती जाळी दिसते. दुकानदाराने दुसराच मासा दिला का?

नाही. मासा तोच आहे. घेताना अंगावर ठळक काळे वाय होते, काही महिन्यांत मधे बारीक रेघा येऊन जाळी झाली, असं तुम्ही लिहिलंय. याला मोठं होणं म्हणतात. ‘मूळ डिझाइन परत कसं आणायचं’ हेही विचारलंय. ते येत नाही, आणि त्यासाठी रंगाची औषधं पाण्यात ओतू नका.

हा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच कारणावरून माझ्या आतेभावाने त्याचे ठणठणीत लोच दुकानात परत केले. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच टाकीतले झेब्रा लोच आणले होते. झेब्रा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला मासा, कृष्णेच्या खोऱ्यातला. नारायण राव यांनी 1920 मध्ये त्याला बोटिया स्ट्रायाटा हे नाव दिलं. निसर्गात तो आज धोक्यात आहे, म्हणून असे मासे परत केले की मला जास्तच लागतं. भाऊ कोथरूडला राहतो, सोसायटीत बोअरचं जड पाणी. माझ्याकडे सदाशिव पेठेत नळाचं. पट्टे फुटायला लागले तसा दादा म्हणाला, बोअरच्या पाण्याने रंग बिघडला. माझ्याकडेही तेच झालं, म्हटल्यावर म्हणाला, मग क्रॉस, म्हणजे दोन जातींचा संकर असणार.

मी तेव्हा एकाच माशाचे फोटो काढत होतो. शेपटीकडच्या एका रुंद पट्ट्याच्या मधोमध आधी केसासारखी फिकट रेघ उमटली. ती वर-खाली वाढत गेली आणि एका पट्ट्याचे दोन झाले. डावीकडे हे पूर्ण झालं तेव्हा उजवीकडचा तोच पट्टा अजून अखंड होता. पाण्याचा दोष असता तर तो एकाच कुशीला कसा लागला असता? क्रॉसचं म्हणाल, तर दुकानातल्या त्याच टाकीत मोठे झेब्रा होते, अंगभर बारीक पट्ट्यांचे. तेही दादाला दाखवले. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मासे परत देऊन आला.

म्यानमारचा कुबोताई लोच पाहिलात तर तुमच्या यो-योचं काहीच वाटणार नाही. या माशाचं 2004 मध्ये नामकरण झालं. पिल्लाच्या अंगावरची नक्षी मोठी आणि ठळक असते. मोठ्याच्या अंगावर जाळी. दोन्ही शेजारी ठेवले तर एकच जात म्हणून कोणी मानणार नाही. क्लाउन लोच मात्र फुटभर झाला तरी तीन पट्टे तसेच ठेवतो. बहुतेकांचा पहिला लोच क्लाउनच असतो, मग सगळे लोच तसेच वागतील असं गृहीत धरतात. दादाचंही तेच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सांगायचं राहिलं. मी बोलतोय ते नक्षीबद्दल, महिनोन्‌महिने होणाऱ्या बदलाबद्दल. अख्खा मासा एकदम फिका पडला तर ती वेगळी गोष्ट. आपसात मारामारी करताना लोच राखाडी पडतात आणि थोड्या वेळात पूर्ववत होतात. पण फिकेपणा टिकला, अंगावर मिठासारखे कण दिसले, मासा दगडाला अंग घासू लागला, तर तो व्हाइट स्पॉट हा आजार. लोचचे खवले अगदी बारीक, त्यांना औषध लवकर बाधतं, तेव्हा डोस जपून.

तुमचा एकटाच असेल तर अजून चार-पाच आणा, लोच कळपातच मोकळे वागतात. परत करू नका. मुठा नदीतही सोडू नका, यो-यो गंगेच्या खोऱ्यातला आहे, इथला नाही. अगदीच नको झाला तर मला कळवा, मी पेठेतून येऊन घेऊन जाईन. दादाचे मासेही मी मागितले होते.