सोलापुरात राहून निर्वासितांच्या स्वतःच्या संघटनांना मदत कशी करता येईल?

जुने कपडे गोळा करण्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्वासितांचे हक्क ठरवणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे भाड्याची खोली, शाळाप्रवेश, बँक खाते अशा ठिकाणी कागदपत्रांवरून काम अडते आणि तेव्हा सोबत आलेला स्थानिक माणूस पैशांहून अधिक उपयोगी पडतो. हिवाळ्यात लुधियानाचा माल, बहुधा उधारीवर, आणून शहरोशहरी स्वेटर विकणाऱ्या तिबेटी निर्वासित व्यापाऱ्यांची स्वतःची संघटना आहे. अशा विक्रेत्यांना जागेच्या परवान्याचा मराठी अर्ज लिहून देणे, महापालिकेत त्यांच्यासोबत जाणे, हे आपल्या गल्लीतल्या मंडळालाही जमेल. विणकामासाठी तेलंगणातून येऊन येथे स्वतःच्या शिक्षणसंस्था उभारणाऱ्या पद्मशाली समाजाला तर स्वतःच्या संघटनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. देणगी द्यायचीच असेल, तर ती कशासाठी हवी, हे आधी संघटनेलाच विचारावे.