बाबांसाठी ग्लुकोमीटर निवडताना मशीनच्या आधी पट्टी बघा

ताई, तुमच्या बाबांची उपाशीपोटी शुगर लॅबमध्ये १४८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आली, त्याच सकाळी घरच्या मशीनवर १६६ आणि भावाने पुण्याहून पाठवलेल्या मशीनवर १३५. यातलं कोणतं खरं मानायचं आणि तिसरं कोणतं घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की तिसरं घेऊ नका. दोन्ही मशीन ठीक दिसतात.

घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे, २०१३ सालचं. शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातले ९५ आकडे लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावेत, आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत, असं ते सांगतं. १४८ चे १५ टक्के म्हणजे साधारण २२. म्हणजे १२६ ते १७० मधला कुठलाही आकडा मानकात बसतो. त्यामुळे दोनपैकी एक मशीन पक्कं करा आणि रोज त्याच्यावरच तपासा. आज एकावर, उद्या दुसऱ्यावर असं केलंत तर शुगर वाढली की मशीन बदललं, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

आता कोणतं ठेवायचं? लोक स्क्रीन, ब्लूटूथ, मोबाइल ॲप बघतात. मी पट्टी बघते, म्हणजे मशीनमध्ये घालून जिच्यावर रक्ताचा थेंब लावतात ती टेस्ट स्ट्रिप. मोजण्याचं काम पट्टीवरचं एन्झाइम करतं आणि खर्चही तिचाच होतो. दोन कंपन्यांच्या पट्टीत समजा ८ रुपयांचा फरक असेल, तर रोज एक पट्टी धरून वर्षाचे २,९२० रुपये झाले. एवढ्यात मशीन सहज येतं. इंदूरच्या दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या बाजारात, भाव विचाराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाबांच्या कॉलनीतल्या मेडिकलवर ती पट्टी कायम मिळते का ते विचारा. रात्री पट्ट्या संपल्या तर कोणी दवा बाजार गाठत नाही.

बाबांचं हिमोग्लोबिन किती आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते आधी बघा. रक्तात लाल पेशी कमी असतील तर बऱ्याच पट्ट्या आकडा जास्त दाखवतात, म्हणजे शुगर खरोखर खाली गेलेली असताना मशीन ‘ठीक आहे’ म्हणतं. बाबा ग्लिमेपिराइड घेतात, त्या गोळीने शुगर एकदम उतरू शकते, म्हणून हे मला फार गंभीर वाटतं. माझ्या आईला ॲनिमिया आहे, तिच्यासाठी मशीन घेताना मी सगळ्यात आधी हेच तपासलं. पट्टीच्या कागदावर हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीची, मर्यादा छापलेली असते. वनटच सिलेक्ट प्लस या मशीनच्या पट्टीची ३० ते ५५ टक्के आहे, कॉन्टूर प्लसची ० ते ७०. हिमोग्लोबिन ८ असेल तर हिमॅटोक्रिट साधारण २४ येतो, आणि तेव्हा हा फरक कामाचा ठरतो. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर दोन्ही चालतील.

कॉन्टूर प्लसचा आणखी एक गुण म्हातारपणात उपयोगी पडतो. थेंब अपुरा पडला तर थोड्या वेळात त्याच पट्टीवर आणखी रक्त लावता येतं, पट्टी वाया जात नाही. बाबांचा हात थरथरत असेल तर हे नक्की बघा. दोन्ही मशीन त्यांच्याच हातात द्या, डबीतून पट्टी काढून मशीनमध्ये घालायला सांगा. जाड, मोठी पट्टी धरता येते, बारीक पट्टी बोटातून निसटते.

आपल्या इंदूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात आणि इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. डबी स्कूटरच्या डिकीत नको, खिडकीत नको, आणि कूलरसमोर तर नकोच, कारण कूलरची हवा दमट असते आणि ओल लागली की पट्टी बिघडते. फ्रिजमध्येही ठेवू नका. आतल्या खोलीतलं कपाट बरं. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. उन्हाळ्यात ऑनलाइन मोठा खोका मागवण्यापेक्षा २५ ची डबी दुकानातून आणा. काही पट्ट्या डबी उघडल्यापासून तीन किंवा सहा महिनेच चालतात, म्हणून उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहा.

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. नुसता सॅनिटायझर चोळून भागत नाही. सकाळी पोहे-जलेबी हाताळलेल्या बोटाला पाक राहिला तर मशीन तोही मोजतं. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि त्याआधी बोटं पुन्हा धुवा. बाबा शुद्धीत नसतील तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

लॅबशी तुलना करायची तर उपाशीपोटीच करा. जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त शुगर दाखवतं. लॅबवाला रक्त घेईल तेव्हाच शेजारी बसून बोटाची तपासणी करा, घरी येऊन नको. नमुना राखाडी झाकणाच्या नळीत घेतोय ना, तेही बघा, त्या नळीत शुगर टिकवणारं फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि लॅबचाच आकडा खाली येतो. फरक वारंवार १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर कंपनीचं कंट्रोल सोल्युशन (ठरावीक साखर असलेलं तपासणीचं द्रव) मागवून पट्ट्या तपासा.

टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही, तिथे जास्त दुखतं. रोज बोट बदला. वापरलेल्या लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि भरली की ती कचरागाडीवर घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या, सांगून द्या. सुक्या कचऱ्यात टाकली तर ती हाताने वेगळी करणाऱ्या माणसाला सुई लागते.