आपली प्रोग्रामिंग भाषा सगळ्यांसमोर घडवताना अर्धवट फीचर आधीच जाहीर करावं का?

करा, जरूर करा. फक्त तारीख देऊ नका, आणि जे अजून चालत नाही ते मॅन्युअलमध्ये घालू नका. मी दोन्ही केलं होतं.

मी सोलापूरचा. यंत्रमागवाल्यांना सुताचा हिशोब सोपा जावा म्हणून एक छोटी भाषा लिहितोय, कोड पहिल्या दिवसापासून खुला आहे. त्यात 'एकक' नावाचं फीचर घेतलं होतं: आकड्यापुढेच मीटर, किलो, काउंट लिहायचं, रूपांतर भाषा करणार. अर्धं झाल्यावर मी 'पुढच्या महिन्यात येतंय' असं उदाहरणासकट मॅन्युअलमध्ये लिहून टाकलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं काम करणाऱ्या एका मुलाने त्यावर विसंबून अख्खा हिशोब तसाच मांडला.

आणि गाडी काउंटपाशी अडली. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका सुताचा काउंट. म्हणजे आकडा वाढला की सूत बारीक. तेवढ्याच लांबीचं २० चं सूत १० च्या निम्म्या वजनाचं. मी सगळीकडे गुणाकार धरला होता, इथे भागाकार हवा. शेवटी लिहिण्याची पद्धतच बदलावी लागली. तो मुलगा वही घेऊन घरी आला. चाळीसेक ओळी, सगळ्या माझ्या जुन्या उदाहरणाबरहुकूम. "दादा, तुम्हीच लिहिलं होतं ना?" एवढंच म्हणाला. त्या ओळी दोघांनी बसून बदलल्या, पण ते वाक्य मला अजून लागतं.

तारखेचं तर मोठ्यांनाही जमत नाही. पर्ल ६ या भाषेची घोषणा २००० साली झाली, पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली.

जावा या भाषेची पद्धत मला पटते. स्ट्रिंग टेम्प्लेट (मजकुरातच थेट किंमती भरायची सोय) हे फीचर २०२३ मध्ये जावाच्या २१ व्या आवृत्तीत प्रीव्ह्यू म्हणून, म्हणजे आजमावून बघण्यापुरतं आलं, २२ मध्येही राहिलं आणि २३ मध्ये चक्क काढून टाकलं. पण ते वापरायला 'एनेबल-प्रीव्ह्यू' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागायचा, म्हणजे वापरणाऱ्याला ते बदलू शकतं हे आधीच ठाऊक होतं. माझ्याकडेही आता फाईलच्या पहिल्या ओळीत 'कच्चं: एकक' लिहिल्याशिवाय ते चालत नाही.

तरीही गप्प बसू नका म्हणतो, कारण नवी पद्धत ठरवताना मी आधी एका जुन्या जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याला, विचारलं, "काउंट कसा लिहू?" त्यांनी मागाशेजारी उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं. तुमचं अर्धवट फीचरही असंच, प्रश्न म्हणून मांडा: इथवर आलंय, इथे अडलंय, तुम्ही हे काम हाताने कसं करता?