मांडीला पट्टा आवळून व्यायाम केल्याने खरंच ताकद येते का?

तुम्ही विचारलंय: एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्टीच्या) ऑपरेशनला सात आठवडे झालेत, फिजिओ मांडीला हवेचा पट्टा आवळून पाय उचलायला लावतात, रक्त अडवून ताकद कशी येणार? आणि रोज क्लिनिकला जाणं जमत नाही, तर घरी रबरी पट्टा बांधून केलं तर चालेल का?

घरी रबरी पट्टा बांधू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याची ऑपरेशनं झालेले पैलवान आणि फुटबॉल खेळणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात. रोज पाचशे बैठका मारणाऱ्या गड्याच्या पायाला मी दीड किलोचं वजन बांधते, तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो. मग पट्ट्यात हवा भरते. पहिल्या फेरीत ३० वेळा पाय उचलणं तो सहज काढतो. ३० सेकंद थांबायचं, पट्टा तसाच आवळलेला. पुढच्या १५ मध्ये दहाव्याच्या आसपास मांडी पेटते आणि हात पलंगाची कड धरतो. अजून दोनदा १५, म्हणजे एकूण ७५. पट्टा सोडला की घामाघूम झालेला असतो.

आता रक्ताचं. ते पूर्ण अडवत नाहीत. आत जाणारा प्रवाह कमी होतो आणि शिरांतून परत फिरणारं रक्त बराच वेळ पायातच थांबतं. स्नायूला प्राणवायू कमी पडतो, हळू दमणारे तंतू लवकर दमतात, आणि एरवी फक्त जड वजनालाच कामाला लागणारे मोठे, जोरकस तंतू हलक्या वजनावरही कामाला लागतात. स्नायू वाढवायला साधारणपणे तुमच्या कमाल ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आसपास वजन लागतं. इथे २० ते ३० टक्क्यांवर भागतं. नवीन लिगामेंट अजून कच्चं असताना, आणि मांडी डोळ्यांदेखत वाळत असताना, हा फरक फार मोठा आहे.

ही पद्धत जपानची. योशिआकी सातो १९६६ मध्ये एका बौद्ध विधीला बराच वेळ गुडघे मुडपून बसले होते. पोटऱ्या ठणकायला लागल्या आणि त्यांना ते व्यायामानंतरच्या फुगवट्यासारखं वाटलं. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्यांच्याच पायाला मोठी दुखापत झाली, तेव्हा त्यांनी प्लास्टरमधल्या पायावर पट्टे आवळून-सोडून स्वतःवर प्रयोग केला. त्याचं नाव पडलं काआत्सु.

मग रबरी पट्ट्याला माझा विरोध का? कारण दाब किती, हे त्यात कळतच नाही. मी घोट्याजवळ डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) धरते, नाडीचा सू-सू आवाज येतो, हवा भरत जाते आणि आवाज बंद होतो तो आकडा लिहून घेते. समजा तो २०० आला, तर व्यायामाला १२० ते १६० ठेवते. जाड मांडीला हा आकडा वेगळा, बारीक मांडीला वेगळा, अरुंद पट्ट्याला आणखी वेगळा. अरुंद रबर करकचून बांधलं तर संवेदना नेणारी नस दाबली जाते आणि पाय बधिर होतो.

तुम्ही नागपूरचे आहात म्हणून मुद्दाम विचारते: घरात कुणाला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे का? विदर्भात हा प्रश्न विचारल्याशिवाय पट्टा लावूच नये. तुम्ही स्वतः वाहक असाल तरी आधी डॉक्टरांशी बोला. पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, बीपी आटोक्यात नसेल, मोठ्या फुगलेल्या शिरा असतील, तर तेही सांगा. आणि पोटरी एका बाजूलाच सुजून दुखत असेल, तर पट्टा लावूच नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

एक अपेक्षाही स्पष्ट करते. मांडीचा घेर यात चांगला भरतो, पण निव्वळ ताकदीत जड वजन अजूनही सरस आहे. गुडघा जड वजन झेलायला लागला की मी पट्टा हळूहळू बंद करते.

रोज जाणं जमत नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पट्ट्यासाठी जा, बाकी दिवस घरी पट्ट्याविना सांगितलेले व्यायाम करा. पुढच्या खेपेला फिजिओंना विचारा, "माझा पूर्ण बंद होण्याचा दाब किती आला, आणि तुम्ही त्यातला किती टक्के ठेवता?" आकडा मोजलेला नसेल, तर मोजल्याशिवाय पट्टा लावून घेऊ नका.