नाताळात नॉर्वेला चाललोय, तिथलं जुनं काय खावं?

प्रश्न: ताई, लेक-जावई ट्रॉन्डहाइमला असतात, डिसेंबरमध्ये आम्ही दोघं चाललोय. सॅल्मन तर आता इथेही मिळतो. तिथलं जुनं, घरचं असं काय खावं? मी मासेखाऊ, ही शाकाहारी.
– एक वाचक, वसई

उत्तर: काका, सॅल्मन राहू दे, आधी कॉड खा. उत्तर नॉर्वे पिढ्यान्‌पिढ्या जगला तो सुक्या कॉडच्या जिवावर. हिवाळ्यात हा मासा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेन बेटांपाशी येतो, मग डोकं काढून, पोट साफ करून, दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवावर टांगतात, अगदी तुमच्याकडच्या बोंबलाच्या वलांडीसारखं, फक्त इथे काम उन्हाचं नाही, थंडी आणि वाऱ्याचं. फेब्रुवारी ते मे टांगलेला असतो आणि मीठ अजिबात लावत नाहीत! पारा शून्याच्या आसपास राहतो म्हणून जमतं, जास्त गरम झालं तर माशा बसतात, कडक गोठलं तर मांस फाटतं. हा मासा वर्षानुवर्षं टिकतो. जहाज बुडाल्यावर 1432 मध्ये तिथल्या रोस्ट बेटावर पोचलेल्या पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय, आजही इटली मोठं गिऱ्हाईक आहे आणि सुकी डोकी नायजेरियाला जातात.

नाताळच्या आधी याचंच लुटेफिस्क करतात. सुका मासा काही दिवस पाण्यात, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, मग परत साध्या पाण्यात बदलून-बदलून, तेव्हा कुठे तो जेलीसारखा मऊ होतो. सोबत बटाटे, वाटाण्याचं घट्ट वरण आणि बेकन. नेटवर लोक याची टर उडवतात ते मला खरंच खटकतं, दगडासारखा झालेला मासा परत ताटात आणायची केवढी अक्कल आहे ती! चव सौम्य असते, बिनधास्त खा.

काकूंसाठी ब्रुनोस्ट, तपकिरी चीज. चीज केल्यावर उरलेलं पाणी साखर करपट-गोड होईपर्यंत तासन्‌तास आटवतात, 1863 मध्ये आने होव नावाच्या बाईने त्यात साय घातली आणि आजचं गुडब्रान्सडाल खोऱ्याचं चीज तयार झालं. पातळ काप काढून ब्रेडवर घ्यायचे. रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडायला घालतात ते, प्राण्याच्या पोटातलं असू शकतं, म्हणून कुठलंय ते लेबलवर बघा, वॉफल नि वेलचीच्या बनमध्ये अंडं असू शकतं तेही विचारा. नाताळातली तांदळाची लापशी मात्र मस्त, वर लोणी, साखर, दालचिनी, आणि ज्याला आतला बदाम सापडेल त्याला मार्झिपानचं, म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईचं डुक्कर बक्षीस.

लुटेफिस्क हॉटेलात खायचं असेल तर लेकीला आत्ताच टेबल बुक करायला सांगा, डिसेंबरमध्ये गर्दी असते.